इंटरलॉक मंडल, विजेवरील मोटारीचे : दोष व तपासणी

विजेवरील मोटारीतील उच्च दाबाच्या (व्होल्टेजच्या) जोडण्या जागच्या जागी आहेत का, हे सतत पाहणारे कमी दाबाचे मंडल (सर्किट). बोलीत ‘लूप’. बॅटरी, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला योग्य करून देणारा), एसीचा कॉम्प्रेसर व सर्व्हिस प्लग (दुरुस्तीआधी उच्च दाब तोडण्यासाठी काढायचा प्लग) यांच्या कनेक्टरांतून एकच बारीक तार एकसरीत ओवलेली असते. ती तुटली की कंटॅक्टर, म्हणजे बॅटरीचा उच्च दाब जोडणारे-तोडणारे स्विच, उघडतात. गाडी धावत असेल तर अनेक रचनांत आधी फक्त इशारा मिळतो आणि थांबल्यावर ती पुन्हा सुरू होत नाही.

कल्पनेचे मूळ सहसा रेल्वेच्या सिग्नल-इंटरलॉकिंगमध्ये दाखवतात. जॉन सॅक्सबी यांचे पेटंट १८५६ चे. नाव तिकडून आले असावे, पण तेथे परस्परविरोधी सिग्नल पडू नयेत म्हणून एक खटका दुसऱ्या खटक्याला अडवतो. तार स्वतःवर पहारा देत नाही. खाणीतील यंत्राच्या लोंबत्या केबलीतील ‘पायलट’ तार अधिक जवळची वाटते. प्लग ओढताना ती आधी सुटते आणि मुख्य पुरवठा बंद पडतो, म्हणजे ठिणगी पडत नाही. मोटारीतही इंटरलॉकची पिन मुद्दाम आखूड ठेवतात, ती याचसाठी. वणी-बल्लारपूरच्या कोळसा खाणींतील इलेक्ट्रिशियनला हे नवे वाटू नये. अर्थात साम्यावरून वंश सिद्ध होत नाही.

गाडीचा संगणक दाखवतो त्या दोष-कोडांपैकी पी०ए०ए (P0A0A) हा या मंडलाचा, पी०एए६ (P0AA6) निरोधन (गाडीच्या सांगाड्यापासूनचे विद्युतरोधन) घटल्याचा. दोन्हींत गल्लत होते. निरोधनासाठी आंतरराष्ट्रीय नियमात एकदिश (डीसी) दाबाच्या दर व्होल्टला किमान १०० ओहम धरतात. ३२० व्होल्टच्या बॅटरीस ३२,००० ओहम. सकाळी दिसून दुपारच्या उन्हात नाहीसा होणारा दोष बहुधा ओलाव्याचा, म्हणजे निरोधनाचा.

तपासणीआधी १२ व्होल्टची बॅटरी सोडवून, सर्व्हिस प्लग काढून, पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे. १,००० व्होल्टचे हातमोजे घालून दाब शून्य झाल्याची मीटरने खात्री करावी. मग मंडल मधोमध सोडून कोणत्या अर्ध्यात खंड आहे ते पाहतात, आणि तो अर्धा पुन्हा निम्म्यात विभागतात. तारेच्या तुकड्याने लूप जोडून गाडी चालू करणे ही दुरुस्ती नव्हे. पहारेकऱ्याला झोपवणे आहे.

ग्रामीण विदर्भात गाडी गोठ्याशेजारच्या सपरीत उभी असते, तेव्हा उंदरांनी कुरतडलेली तार आधी शोधावी. पावसाळ्यात काळी माती कनेक्टरच्या खाचेत बसते, वाळून घट्ट होते. वरून ‘टक’ आवाज येतो, लिव्हर मात्र पूर्ण बसलेला नसतो. पिन मिलिमीटरभर मागे सरकलेली असली तरी बाहेरून काही दिसत नाही. टॉर्च धरून समोरच्या पिनांशी उंची जुळवून पाहावी लागते.