हरवलेला ल्यूट कॉन्चेर्तो शोधण्याआधी वाविलोवची गोष्ट

अमुक एका आधुनिक संगीतकाराने ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासाठी कॉन्चेर्तो (एक वाद्य पुढे आणि साथीला वाद्यवृंद अशी रचना) लिहिला होता म्हणे, प्रत गहाळ आहे, असं कानावर आलं की शोधायला हात शिवशिवतात. पण थांबा जरा, ल्यूटच्या दुनियेत हरवलेलं कुठलं आणि मागाहून बनवलेलं कुठलं याचा पार गुंता झालाय आणि तो आजचा नाही.

ल्यूट म्हणजे अरबी ऊदचं युरोपातलं भावंड, नावसुद्धा अल-ऊदवरूनच आलंय. सोळाव्या शतकात त्याची चलती होती, अठरावं सरता सरता ते जवळपास संपलं. त्याचं संगीत टॅब्लेचरमध्ये लिहायचे, म्हणजे कुठल्या तारेवर कुठल्या पडद्याशी बोट ठेवायचं ते आकड्यांनी नाहीतर अक्षरांनी दाखवायचे, त्यामुळे वाद्य गेलं तसे ते वाचणारेही गेले. 1893 मध्ये आर्नोल्ड डॉल्मेचने इंग्लंडमध्ये पुन्हा ल्यूट बनवलं तोवर मधे शंभरेक वर्षांचा खड्डा पडलेला, आणि त्या खड्ड्यात कोणी काय टाकलं हे तपासणार कोण?

गिटारवादक सेगोव्हियाला कार्यक्रमात वाइसचं काहीतरी हवं होतं. वाइस म्हणजे बाखच्या काळातला ड्रेस्डेन दरबारचा ल्यूटवादक, नाव मोठं पण त्याचं संगीत तेव्हा फारसं कोणी ऐकलेलं नाही. मग मेक्सिकन संगीतकार मित्र मानुएल पोन्सेने ए मायनरमध्ये एक सुइट (छोट्या रचनांची माळ) लिहून दिला, तो वाइसच्या नावाने वाजला आणि 1930 मध्ये रेकॉर्डही झाला. आणि याच पोन्सेचा खराखुरा दुसरा गिटार सोनाटा? तो स्पॅनिश यादवी युद्धात सेगोव्हियाचं बार्सिलोनातलं घर लुटलं गेलं त्यात गेला. ल्यूटचा खोटा टिकला, गिटारचा खरा लुटीत गेला.

पण या सगळ्यांचा बाप म्हणजे लेनिनग्राडचा व्लादिमीर वाविलोव (1925 ते 1973). सात तारांची रशियन गिटार वाजवायचा, ल्यूटही वाजवायचा. 1970 मध्ये सरकारी मेलोदिया कंपनीने त्याची ‘सोळाव्या-सतराव्या शतकातलं ल्यूट संगीत’ अशी एलपी काढली, मुखपृष्ठावर फ्रान्चेस्को द मिलानो वगैरे जुनी इटालियन नावं, आणि आतली ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ ही जुनी इंग्लिश धून सोडली तर जवळजवळ सगळं वाविलोवने स्वतः रचलेलं! आपल्याकडे कोणीतरी अभंग लिहून शेवटी ‘तुका म्हणे’ जोडून मोकळा होतो ना, तसंच. त्याच्या मुलीने पुढे सांगितलं की वाविलोव या साध्या नावाने कोणी छापणार नाही असं वडलांना वाटायचं, नाव नको पण संगीत पोचू दे. मला तरी यात लबाडीपेक्षा लाचारीच जास्त दिसते.

आणि पोचलंच. मिलानोच्या नावावरच्या धुनेवर 1972 मध्ये कवी आन्री वोलोखोन्स्कीने शब्द लिहिले, ते गाणं पुढे ग्रेबेन्शिकोवच्या अक्वारियुम या रशियन रॉक बँडने गायलं, 1987 च्या ‘अस्सा’ सिनेमात आलं आणि अख्ख्या सोव्हिएत पिढीला पाठ झालं. एलपीवरच्या ‘आवे मारिया’ची (मेरीच्या लॅटिन प्रार्थनेचे हे पहिले दोन शब्द) कथा तर अजून भारी. वाविलोवने ते ‘अज्ञात’ म्हणून टाकलं होतं, त्याच्या मृत्यूनंतर कोणीतरी कॅचिनी या जुन्या इटालियन संगीतकाराचं लेबल चिकटवलं आणि ‘कॅचिनीचं आवे मारिया’ म्हणून जगभरच्या गायिका ते गायला लागल्या. वास्तविक कॅचिनी वारला 1618 मध्ये, त्याच्या काळात कोणी असं फक्त ‘आवे मारिया’ हे दोनच शब्द घोळवत बसत नव्हतं, आणि खालचे ते सेव्हन्थ कॉर्ड्सचे (चार सूर एकत्र वाजणाऱ्या जुळण्यांचे) उतरते जिने तर सरळसरळ विसाव्या शतकातले आहेत, एकदा कळलं की नंतर दुसरं काही ऐकूच येत नाही.

हस्तलिखितं सापडतच नाहीत असंही नाही. 2001 मध्ये स्पेनमधल्या लिनारेसला सेगोव्हियाच्या कागदांत इटालियन गिटार-संगीतकार आंजेलो जिलार्दिनोला सेगोव्हियासाठी लिहिलेल्या, कधी न छापलेल्या कितीतरी रचना मिळाल्या. तेव्हा पेट्या उघडाच, फक्त वाविलोवसारख्याचं काम शोधत असाल तर त्याच्या नावाखाली बघू नका, सोळाव्या शतकाच्या कप्प्यात बघा.