शिळांची रेषा आणि कॅमेऱ्याची रेषा

उभ्या शिळेच्या टोकावर टेकलेला सूर्य. असे दोन फोटो शेजारी ठेवले, तर एकात सूर्याची दिशा शिळा रोवणाऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी ठरवलेली असू शकते आणि दुसऱ्यात फोटोग्राफरने त्याच सकाळी. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून घोळ होतो.

कॅमेऱ्याच्या रेषेला एकच शिळा पुरते. शिळेपासून 3 मीटरवर उभे राहा आणि 10 सेंटिमीटर बाजूला सरका. शिळेच्या मागचं क्षितिज जवळपास 2 अंशांनी हलतं. सूर्याची रुंदी अर्धा अंश, म्हणजे तेवढ्यात चार सूर्य मावतील. शिळेभोवती फिरत राहिलं तर हवा तो डोंगर तिच्यामागे आणता येतो. असे फोटो सुंदर असतात, मलाही आवडतात, पण ते शिळेबद्दल काहीच सिद्ध करत नाहीत.

शिळांच्या रेषेला जमिनीत रोवलेले निदान दोन बिंदू लागतात: दोन शिळा, शिळांची रांग किंवा रचनेचा अक्ष. तिथे तुमची जागा त्या बिंदूंनीच ठरते. जरा सरकलात की पुढची शिळा मागचीवरून ढळते आणि चूक लगेच दिसते.

इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळात या दोन्ही रेषा एकाच ठिकाणी भेटतात. त्याचा अक्ष वर्तुळाच्या मधून निघून ईशान्येला ॲव्हेन्यू नावाच्या, मातीच्या बांधांमधल्या वाटेने जातो. एका टोकाला उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा सूर्योदय, उलट टोकाला हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाचा सूर्यास्त. ही शिळांची रेषा. फोटोंमध्ये मात्र सूर्य हटकून हील स्टोनच्या, म्हणजे वर्तुळाबाहेर ॲव्हेन्यूत उभ्या असलेल्या शिळेच्या, टोकावर असतो. मध्यातून पाहिलं तर तो या शिळेच्या थोडा डावीकडे उगवतो. टोकावर हवा असेल तर तो वर-उजवीकडे चढेपर्यंत थांबावं लागतं किंवा स्वतः उजवीकडे सरकावं लागतं. शिळा मध्यापासून सुमारे 77 मीटरवर असल्याने पाऊण मीटरभर सरकलं तरी सूर्य आपल्या एका रुंदीहून थोडा जास्तच हलतो. शिळा रोवल्या तेव्हा पृथ्वीच्या अक्षाचा कल थोडा अधिक होता. त्यामुळे इ.स.पू. 2500च्या सुमारास सूर्योदय आजच्यापेक्षा साधारण एक अंश आणखी डावीकडे होत असे. 1979 मध्ये हील स्टोनच्या शेजारी दुसऱ्या शिळेचा खड्डा सापडला. सूर्य त्या जोडीच्या मधून दिसत असावा, हा तर्क मला टोकावरच्या सूर्यापेक्षा जास्त पटतो.

रेषा जमिनीत आहे म्हणजे ती बघायचीच होती, असंही नाही. स्कॉटलंडमधल्या बॅलोक्रॉयला शिळांची रांग आणि शेजारची दगडी कबर मिळून हिवाळ्यातल्या सूर्यास्ताकडे बोट दाखवतात. पण ती कबर पूर्वी दगडांच्या मोठ्या ढिगाखाली होती. 17व्या शतकाच्या अखेरच्या रेखाटनात तो ढीग दिसतो. त्या बाजूची नजर तेव्हा अडली असणार. आजचा मोकळा फोटो खरा आहे, पण तो आजचा आहे.

एकाच जागेपेक्षा समूह जास्त सांगतो. ईशान्य स्कॉटलंडमधल्या डझनावारी शिळावर्तुळांत एक आडवी शिळा असते, आणि ती कायम दक्षिणेच्या किंवा नैर्ऋत्येच्या बाजूलाच. इतक्यांदा योगायोग होत नाही.

म्हणून शिळांची रेषा टिपायची असेल तर कॅमेरा अक्षावर आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. जमिनीलगत नेलात तर ठेंगणी शिळाही क्षितिज छेदून जाते. जोडीला मागे जाऊन, तुम्ही उभे होतात ती जागा आणि सगळ्या शिळा दिसतील असा एक रुंद फोटो घ्या. आणि फोटोखाली तारखेबरोबर कुठे उभे होतात तेही लिहा.