मारिया चक्रीवादळ : पोर्तो रिकोतील हानिमापन व मदतकार्य

पोर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतील कॅरिबियन बेटावर, आग्नेय किनाऱ्यावरील याबुकोआजवळ, २० सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी मारिया चक्रीवादळ धडकले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २५० किमी. होता. बेट तिरके ओलांडून वादळ वायव्येकडून बाहेर पडले. तत्पूर्वी दोन आठवडे इर्मा चक्रीवादळ बेटाच्या उत्तरेकडून गेले होते व त्यात दहा लाखांवर ग्राहकांची वीज गेली होती. मारियाने उरलेली सगळी वीजयंत्रणाच बंद पाडली. ती पूर्ववत होण्यास जवळजवळ अकरा महिने लागले.

हानिमापन : कायेय येथील हवामान रडार वादळात मोडले आणि सुमारे ९५ टक्के मोबाइल मनोरे निकामी झाले. त्यामुळे डोंगराळ मध्यभागातील गावांची स्थिती राजधानी सान हुआनला कळण्यास बरेच दिवस गेले. ही उणीव काही अंशी उपग्रहांनी भरून काढली. रात्रीच्या प्रकाशाच्या चित्रांवरून कोणत्या वस्त्या अंधारात आहेत हे समजत होते. दरडींची संख्या प्रथम ४०,००० हून अधिक मानली गेली. पुढील सविस्तर नोंदीत ती ७०,००० च्या वर गेली. अमेरिकी हवामान खात्याने पोर्तो रिको व शेजारची अमेरिकी व्हर्जिन बेटे मिळून नुकसान सुमारे ९० अब्ज डॉलर धरले आहे.

बळींची संख्या हा सर्वांत वादग्रस्त भाग होय. डिसेंबर २०१७ पासून अधिकृत आकडा ६४ होता. मृत्यू वादळामुळे झाल्याची नोंद व्हायची, तर प्रकरण न्यायवैद्यक संस्थेपर्यंत पोहोचणे आवश्यक होते. रस्ते व दूरध्वनी बंद असताना ते अनेकदा घडले नाही. विजेअभावी प्राणवायूचे यंत्र थांबून दगावलेल्या रुग्णाच्या दाखल्यावर नेहमीचा आजारच लिहिला जाई. हार्वर्डच्या संशोधकांनी ३,२९९ घरांची पाहणी करून मे २०१८ मध्ये ४,६४५ हा अंदाज मांडला. मात्र त्याची विश्वास-मर्यादा (खरा आकडा ज्या दोन टोकांच्या दरम्यान असण्याची दाट शक्यता असते ती) ७९३ ते ८,४९८ इतकी रुंद आहे. वृत्तपत्रांनी मधला आकडाच उचलून धरला, हे त्या पाहणीवर अन्यायकारक ठरले. उपचार खंडित झाल्याने किंवा लांबल्याने सुमारे एकतृतीयांश मृत्यू झाले, हा तिचा अधिक मोलाचा निष्कर्ष मागे पडला. मृत्युनोंदींवर आधारित दुसऱ्या एका अभ्यासात १,१३९ हा आकडा येतो. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने आधीच्या वर्षांचे मृत्यूप्रमाण व बेट सोडून गेलेली लोकसंख्या हिशेबात घेऊन, सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळासाठी नेहमीच्या प्रमाणापेक्षा २,९७५ (२,६५८ ते ३,२९०) जादा मृत्यू काढले. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने हा आकडा स्वीकारला. स्थलांतराचा हिशेब केल्यामुळे तोच अधिक ग्राह्य वाटतो. गरीब नगरपालिका क्षेत्रांत व वृद्ध पुरुषांत धोका अधिक काळ टिकला, असेही त्यात दिसते.

मदतकार्य : संघीय आपत्ती संस्था ‘फेमा’च्या पोर्तो रिकोतील गोदामातील ८० टक्क्यांहून अधिक साठा इर्माच्या वेळीच, मुख्यतः व्हर्जिन बेटांकडे, गेला होता. अमेरिकी बंदरांमधील मालवाहतूक अमेरिकी जहाजांपुरती मर्यादित ठेवणारा १९२० चा जोन्स कायदा २८ सप्टेंबरपासून दहा दिवस शिथिल केला गेला. टंचाईचे खापर काही जण या कायद्यावर फोडतात. परंतु हजारो कंटेनर आधीच बंदरात अडकून होते आणि खरी अडचण चालक, डिझेल व वाहतुकीयोग्य रस्ते यांची होती. उतुआदोजवळच्या रिओ आबाहो येथे पूल वाहून गेल्यावर रहिवाशांनी नदीवर तार ताणली, कप्पीला दुकानातली सामानाची ढकलगाडी टांगली आणि अन्नपाणी पलीकडे नेले. छपराचे नुकसान झालेल्या सुमारे ५९,००० घरांवर लष्कराच्या अभियंत्यांनी निळी ताडपत्री बसवली. पिढीजात घरांची मालकीची कागदपत्रे नसल्याने मदतीचे असंख्य अर्ज फेटाळले गेले. मालकीचे स्वयंघोषणापत्र ग्राह्य धरण्याची सोय नंतर झाली.

स्थानिक पुढाकाराच्या नोंदी विखुरलेल्या आहेत. आदहुंतास येथील ‘कासा प्वेब्लो’ ही संस्था सौरऊर्जेवर चालत असल्याने तिथे श्वसनयंत्रे व फोन चालवता आले. व्हिएकेस या लगतच्या बेटावरील एकमेव रुग्णालय वादळानंतर बंद पडले आणि डायलिसिसच्या रुग्णांना विमानाने मुख्य बेटावर न्यावे लागले. रुग्णालयाच्या पुनर्बांधणीचा संघीय निधी मंजूर झाला तो २०२० मध्ये.