रिच टेक्स्ट एडिटर की पेज बिल्डर? क्लायंटच्या हाती काय द्यायचं

‘साइटवरचा मजकूर आमचा आम्हाला बदलता आला पाहिजे.’ लासलगावचा कांदा व्यापारी असो, येवल्याचा पैठणीवाला असो की गंगापूर रोडवरचा लॉन्सवाला, वेबसाइटचं कोटेशन मागताना हे वाक्य येतंच. आपण वेबसाइट बनवणारे मान डोलावतो आणि डेमोत जे देखणं दिसलं ते बसवून मोकळे होतो. घोळ तिथेच होतो, कारण ब्राउझरमध्ये चालणारी, ‘दिसतं तसंच छापतं’ म्हणवणारी दोन अगदी वेगळी साधनं आहेत.

पहिलं रिच टेक्स्ट एडिटर. टायनीएमसीई २००४ पासून आहे. सीकेएडिटर त्याहून वर्षभर जुना, २००३ साली एफसीकेएडिटर या नावाने आलेला. वर्डसारखा टूलबार आणि खाली लिहायची चौकट. त्यातून बाहेर येतं ते साधं एचटीएमएल: परिच्छेद, उपशीर्षक, यादी, तक्ता, लिंक. मेनू, रंग, रकाने, मोबाइलवरची मांडणी हे सगळं तुमच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या ठरलेल्या साच्यात राहतं, क्लायंटचा हात तिथवर पोचत नाही.

दुसरं पेज बिल्डर. वर्डप्रेसवर एलिमेंटॉर (२०१६), स्वतःच्या अॅपमध्ये बसवायचं तर मुक्त स्रोत ग्रेप्सजेएस. इथे अख्खं पान उघडं असतं. खोके ओढा, रकाने पाडा, पॅडिंग (कडेची मोकळी जागा) बदला. म्हणजे मजकुराबरोबर मांडणीही क्लायंटची. पहिल्यात भाडेकरू खोलीतलं सामान हलवतो, दुसऱ्यात त्याला भिंतीही हलवता येतात. शिवाय एलिमेंटॉर मांडणी स्वतःच्या वेगळ्या नोंदीत ठेवतो. प्लगिन बंद केलं की मजकूर उरतो, मांडणी जाते. पुढे साइट दुसरीकडे हलवायची वेळ आली की हे जाणवतं.

डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० बरोबर आलेला गुटेनबर्ग हा ब्लॉक एडिटर या दोन्हींच्या मधला. ब्लॉक हलतात, पण कुलूपही लावता येतं, आणि ते लावावंच.

माझं मत सरळ आहे: बिल्डर आपल्यापाशी ठेवा, क्लायंटला एडिटर द्या. बदलायचे असतात शब्द, फोटो आणि भाव. कांदा व्यापाऱ्याला तर एडिटरही जास्तच होतो. किमान, कमाल आणि सरासरी भावाचे तीन रकाने असलेला फॉर्म द्या, तो मोबाइलवरून मार्केटमधूनच भरेल. बिल्डर खरा लागतो लॉन्सवाल्याला, कारण त्याला लग्नसराईत दर खेपेला नव्या पॅकेजचं नवं पान हवं असतं. तिथेही कोरा कॅनव्हास नको, चार-पाच तयार ब्लॉक पुरतात.

एडिटर निवडताना बटणं मोजू नका, पेस्ट करून बघा. क्लायंट लिहीत नाही, चिकटवतो. वर्डमधून आणलेल्या मजकुराबरोबर वर्डच्या फॉन्ट-रंगांचा कचरा येतो, आणि तुमच्या नीटनेटक्या पानावर एक परिच्छेद निळा, एक भलताच मोठा दिसू लागतो. सीकेएडिटर ५ मजकूर स्वतःच्या रचनेत बसवतो आणि तुम्ही चालू न केलेले प्रकार सहसा गाळून टाकतो. टायनीएमसीईतही कोणते टॅग चालतील हे ठरवता येतं. ते ठरवाच, फॉन्ट आणि रंगाची बटणं तर टूलबारवरून काढूनच टाका.

मराठीची गोष्ट आणखी वेगळी. छापखान्यातून आलेलं पत्रक श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. हा एडिटरचा दोष नाही, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फॉन्टमध्ये वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात नाही. आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. ट्रेनिंगच्या दिवशी हे सांगितलं नाही तर ‘साइट बिघडली’ असा फोन ठरलेला.

परवान्याकडेही बघा. टायनीएमसीई ६ एमआयटी या मोकळ्याढाकळ्या परवान्याखाली होता. २०२४ च्या आवृत्ती ७ पासून जीपीएल (ज्यात तो जोडून वाटलेला तुमचा कोडही खुला करावा लागू शकतो) किंवा विकतचा परवाना, असे दोनच पर्याय आहेत. सीकेएडिटर ५ चंही तसंच. सीकेएडिटर ४ चा मोफत आधार जून २०२३ मध्ये संपला, तरी जुन्या पीएचपी अॅडमिन पॅनेलमध्ये तो अजून सापडतो. क्लायंटचा कोड बंदिस्त ठेवायचा असेल तर अशी अट नसलेल्या बीएसडी परवान्याचा क्विल हा एडिटर सोयीचा पडतो, मात्र तक्त्यांच्या बाबतीत तो तोकडा आहे.

एडिटर कोणताही घ्या, त्याची गाळणी ब्राउझरपुरतीच असते. तिला वळसा घालून कुणीही सर्व्हरला थेट एचटीएमएल पाठवू शकतो, म्हणून सर्व्हरवर वेगळी सफाई हवीच. पीएचपीत त्यासाठी एचटीएमएल प्युरिफायर आहे.

आणि बिल्डर द्यायचाच ठरला, तर कोटेशनमध्येच लिहा: क्लायंटने मोडलेली मांडणी दुरुस्त करणं एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) धरलेलं नाही.