संख्याशास्त्र : पदवी अभ्यासक्रम

माहिती गोळा करणे, तिची मांडणी करणे आणि थोड्या माहितीवरून मोठ्या समूहाविषयी अनुमान काढणे यांचे पदवीपातळीवरील शिक्षण. अनुमानाची खात्री किती धरायची हे संभाव्यतेवरून ठरते, म्हणून हे दोन विषय एकत्रच शिकवले जातात. महाराष्ट्रात ते प्रामुख्याने बी.एस्सी.ला असतात आणि जोडीला बहुधा गणित किंवा संगणकशास्त्र असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर तीन वर्षांना चौथ्या वर्षाची जोड मिळू लागली. सरकारी लिखाणात 'सांख्यिकी' हा शब्दही चालतो. विद्यार्थ्यांच्या तोंडी मात्र 'स्टॅट्स'च.

विद्यापीठीय विषय म्हणून संख्याशास्त्राचे वय फार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल पिअर्सन यांच्या हाताखाली १९११ मध्ये स्वतंत्र विभाग निघाला. भारतात प्रशांतचंद्र महालनोबिस या भौतिकीच्या प्राध्यापकांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढली. १९४१ मध्ये कलकत्ता विद्यापीठात पदव्युत्तर वर्ग सुरू झाले. १९५९ च्या कायद्याने संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला आणि १९६० पासून तिथे बी.स्टॅट. ही संख्याशास्त्राची पदवी सुरू झाली. महालनोबिस यांचा जन्मदिवस, २९ जून, देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. पुणे विद्यापीठात हा विषय रुजवण्यात मूळचे कोल्हापूरचे वसंत शंकर हुजुरबाजार यांचा मोठा वाटा आहे. केंब्रिजला हॅरोल्ड जेफ्रीज यांच्याकडे संशोधन करून ते परतले होते.

पहिल्या वर्षी दोन विषयपत्रिका समांतर चालतात. एकीत वर्णनात्मक संख्याशास्त्र : वारंवारता सारणी, मध्य, मध्यक, बहुलक, प्रचरण (मध्यापासूनच्या फरकांच्या, म्हणजे विचलनांच्या, वर्गांची सरासरी), विषमता (आकड्यांचा एका बाजूला झुकाव), सहसंबंध. यातले बरेच दहावीत ओळखीचे झालेले असते, त्यामुळे मुले निर्धास्त असतात. दुसरीत संभाव्यता आणि द्विपद, प्वासाँ यांसारखी बंटने, म्हणजे कोणती किंमत येण्याची शक्यता किती याच्या मांडण्या. इथे नाणे, फासे आणि पत्ते यांचे राज्य. पत्त्यांची गणिते सोडवण्याआधी इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांची तेरा-तेरा पाने असतात हे अनेकांना सांगावे लागते. घरात पत्ते खेळलेलीच नसतात. उदाहरणे पावसाच्या दिवसांची, एसटीच्या फेऱ्यांची, बियाणे उगवण्याची घेतली तर संभाव्यता लवकर आपलीशी होते, आणि ती तशीच शिकवली पाहिजे.

वर्षभर या दोन पत्रिका एकमेकींना ओळखही दाखवत नाहीत. त्यांची गाठ दुसऱ्या वर्षी नमुना बंटनात पडते, आणि सगळ्या अभ्यासक्रमाचा कणा तोच आहे. नमुन्यावरून काढलेला मध्य हीसुद्धा एक बदलती राशी आहे, नमुना बदलला की तोही बदलतो, हे ज्याला उमगले त्याला पुढचे सगळे सोपे जाते. ज्याला उमगत नाही तो टी, काय-वर्ग आणि एफ या अनुमान पारखण्याच्या चाचण्यांची सूत्रे पाठ करून उत्तीर्ण होतो, पण विषय हातून निसटतो.

ही गाठ फळ्यावर दाखवता येते. समूहात तीनच संख्या घ्याव्यात : २, ४, ६. मध्य ४, आणि प्रचरण ४ + ० + ४ भागिले ३, म्हणजे ८/३. आता या संख्या तीन चिठ्ठ्यांवर लिहून, काढलेली चिठ्ठी परत टाकत दोन-दोन चिठ्ठ्या काढायच्या. असे नऊ नमुने पडतात. प्रत्येकाचा स्वतःचा मध्य काढून त्यापासूनच्या विचलनांचे वर्ग मिळवावेत. दोन्ही चिठ्ठ्या सारख्या असलेल्या तीन नमुन्यांत बेरीज शून्य येते, दोनचा फरक असलेल्या चार नमुन्यांत प्रत्येकी २, आणि २ व ६ च्या दोन नमुन्यांत प्रत्येकी ८. एकूण २४. नमुन्यात दोन संख्या आहेत म्हणून दोनाने भागले तर नऊ नमुन्यांची सरासरी ४/३ येते, खऱ्या प्रचरणाच्या निम्मी. एकाने भागले की नेमके ८/३. सूत्रात 'एन'ऐवजी (म्हणजे नमुन्यातल्या संख्यांच्या मोजणीऐवजी) 'एन वजा एक' का, याचे उत्तर तिथेच मिळते : मध्य नमुन्यातूनच काढला की विचलने ठरावीक प्रमाणात लहान पडतात. पाठ्यपुस्तकातल्या बीजगणिती सिद्धतेआधी ही नऊ ओळींची सारणी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने भरावी.

लहान नमुन्यांचा टी-बंटनाचा सिद्धांत १९०८ मध्ये विल्यम गॉसेट यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडला. ते डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करत. हाताशी थोडीच निरीक्षणे असताना निर्णय कसा घ्यायचा, ही त्यांची रोजची अडचण होती.

तिसऱ्या वर्षी आकलन व चाचणी यांचा सिद्धांत, नमुना निवड पद्धती, प्रयोगांचे आराखडे, गुणवत्ता नियंत्रण असे विषय येतात. यातले दोन महाराष्ट्राशी जवळून जोडलेले आहेत. प्रयोगांच्या आराखड्यात लॅटिन चौरस शिकवतात : प्रत्येक खत प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात एकदाच येईल अशी शेताची वाटणी. अशा दोन चौरसांची परस्पर लंब जोडी (एकावर एक ठेवले असता चिन्हांची प्रत्येक जोडी नेमकी एकदाच येईल अशी) कोणत्या आकारांत मिळत नाही याविषयी ऑयलर यांनी १७८२ मध्ये मांडलेला अंदाज राजचंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी १९५९ मध्ये चुकीचा ठरवला. १० आणि त्यापुढच्या सर्व आकारांत जोडी मिळते, हे त्यांनी सिद्ध केले. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख होते.

नमुना निवडीत पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव येते. ते सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. पीक कापणी प्रयोगात शेताचा केवढा तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज घ्यायचा, यावर त्यांचा आणि महालनोबिस यांचा मतभेद झाला. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. तुकडा लहान असेल तर हद्दीवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल होतो आणि उत्पादन फुगून दिसते, असे सुखात्मे यांनी दाखवले. नमुना कितीही मोठा घेतला तरी अशी चूक जात नाही. वर्गात ही हकीकत सांगितली की 'अभिनती', म्हणजे एकाच बाजूला झुकणारी चूक, हा शब्द वेगळा समजवावा लागत नाही.

प्रात्यक्षिकांना या पदवीत मोठे स्थान आहे. आलेखकागद, यादृच्छिक संख्यांच्या सारण्या, कॅल्क्युलेटर, टी आणि काय-वर्गाची 'टेबल्स', आणि आठवड्याला सही घ्यायचे जर्नल, असे त्याचे जुने रूप. आता बराच भाग 'आर' या मोफत संगणकप्रणालीवर, एक्सेलवर किंवा पायथॉनवर होतो. त्यामुळे खरी, मोठी माहिती वर्गात आणता येते, आणि चिठ्ठ्यांचा तोच प्रयोग दहा हजार वेळा करता येतो. एकाने भागलेल्या उत्तरांची सरासरी मग ८/३, म्हणजे २.६७ च्या आसपास येऊन थांबते. नऊ ओळी ज्याने आधी हाताने भरल्या आहेत, त्याला पडद्यावरचा तो आकडा कुठून आला हे विचारावे लागत नाही.