शामक सुगंधी तेले

मन निवावे, अंग सैल व्हावे, झोप लागायला सोपे जावे म्हणून घरच्या घरी हुंगली जाणारी, खोलीत दरवळू दिली जाणारी किंवा मालिशच्या तेलात थेंबाथेंबाने मिसळली जाणारी वनस्पतिजन्य बाष्पनशील तेले. लॅव्हेंडर, वाळा, चंदन, कॅमोमाइल, बर्गामॉट (एक लिंबूवर्गीय फळ) आणि यलांग-यलांग (एक सुवासिक फूल) ही त्यांतली नेहमीची नावे. नावात ‘तेल’ असले तरी तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलाशी त्यांचे नाते फार दूरचे आहे. तिळाच्या तेलाचा थेंब कोऱ्या कागदावर टाकला तर डाग कायमचा राहतो. लॅव्हेंडरचा थेंब काही तासांत उडून जातो आणि कागद जवळपास पहिल्यासारखा होतो. वाळा आणि चंदन यांची तेले जड असतात, ती कागदावरही रेंगाळतात. तीळ, खोबरे, बदाम यांची तेले ‘स्थिर’, ही ‘बाष्पनशील’. हा फरक ध्यानात नसला की बाटलीतले तेल तसेच हातावर घेऊन चोळले जाते आणि कातडी भाजल्यासारखी होते.

बहुतेक बाष्पनशील तेले वाफेच्या ऊर्ध्वपातनाने काढतात. वनस्पतीतून वाफ सोडली की तेलाचे सूक्ष्म अंश वाफेबरोबर निघतात, थंड झाल्यावर पाणी व तेल वेगळे होतात. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण ३,५०० ते ४,००० किलो पाकळ्या लागतात; एका थेंबात केवढे झाड साठलेले असते याचा यावरून अंदाज यावा. लिंबूवर्गीय फळांची तेले साल दाबून काढतात. मोगरा आणि जाई यांची नाजूक फुले वाफ सोसत नाहीत, त्यांचा गंध द्रावकाच्या मदतीने काढावा लागतो व तो फार महाग पडतो. म्हणून शंभर-दोनशे रुपयांच्या बाटलीवर ‘मोगरा तेल’ लिहिलेले असेल तर आत बहुधा कृत्रिम सुगंध असतो. तो वाईटच असतो असे नाही, पण वनस्पतीच्या तेलाबद्दल जे सांगितले जाते ते त्याला लागू करू नये. बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव व झाडाचा कोणता भाग वापरला ते छापलेले असणे, ही खरेदीची पहिली कसोटी.

मराठी घरातील शामक गंध म्हटला की वाळा आधी आठवतो. क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस या उंच गवताची ही मुळे. माठात टाकलेली वाळ्याची जुडी, उन्हाळ्यात खिडकीला लावलेला वाळ्याचा पडदा आणि दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, आंबेहळद, गव्हला-कचोऱ्यासोबत पडणारी त्याची पूड, अशा तीन वाटांनी तो घरात येतो. कोरड्या पडद्याला वास असा फारसा नसतो. त्यावर पाण्याचा पहिला शिपका बसला की ओल्या मातीचा, किंचित धुरकट, मुळांचा गंध खोलीभर पसरतो आणि झुळूक थंड वाटू लागते. त्याच मुळांचे तेल उत्तर प्रदेशातील कन्नौज येथे पारंपरिक देग-भपका पद्धतीने काढतात. मुळे उकळायची तांब्याची देग, मातीने लिंपलेले झाकण, बांबूची नळी आणि पाण्याच्या हौदात बुडवलेला भपका, म्हणजे वाफ थंड होऊन जमा होण्याचे भांडे, एवढीच सामग्री. मुळांतले तेल लवकर सुटत नाही, म्हणून ही भट्टी फुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळ चालवावी लागते. तांब्यामुळे या तेलाला हिरवट झाक येते; त्याला तेथे ‘रूह खस’ म्हणतात; खस म्हणजे वाळा. ‘रूह’ म्हणजे दुसऱ्या तेलात न मुरवलेला शुद्ध अर्क; अत्तर मात्र परंपरेने चंदनाच्या तेलात धरले जाते. कन्नौजच्या सुगंधाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाळ्याचे तेल मधासारखे घट्ट असते. थंडीत बाटली उलटी केली तरी थेंब लगेच पडत नाही, ती मुठीत धरून ऊब द्यावी लागते. जगाच्या बाजारात येणारे बरेचसे तेल हैती आणि जावा येथून येते. विश्रांतीसाठी सुगंध शोधणाऱ्या मराठी माणसाने परदेशी फुलाकडे वळण्यापूर्वी हे आपल्या ओळखीचे मूळ हुंगून पाहावे, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे मत आहे. कारण पुढे दिसेल तसे, ओळख हाच या उपायाचा मोठा भाग आहे.

महाराष्ट्राचे आणखी एक देणे रोशा गवताचे. खानदेशात या गवतापासून तेल काढण्याची जुनी परंपरा होती. त्याला गुलाबाच्या जवळ जाणारा वास असल्याने मुंबई बंदरातून ते तुर्कस्तानात जाई व तेथे महागड्या गुलाबतेलात मिसळले जाई.

‘सुगंधोपचार’ या अर्थाचा फ्रेंच शब्द रेने-मोरिस गातफोसे या रसायनतज्ज्ञाने रूढ केला. त्या नावाचे त्याचे पुस्तक १९३७ मध्ये निघाले. १९१० मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात त्याचे हात भाजले होते आणि जखमा चिघळल्यावर त्याने लॅव्हेंडरचे तेल वापरले. भाजलेला हात चुकून लॅव्हेंडरच्या पिंपात बुडाला आणि बरा झाला, ही सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट त्याच्या स्वतःच्या वर्णनाशी जुळत नाही. खरे लॅव्हेंडर म्हणजे लॅव्हॅन्ड्युला अँगुस्टिफोलिया. लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट हे त्याचे मुख्य घटक. लॅव्हॅन्डिन हे त्याचे संकरित भावंड स्वस्त असते, पण त्यात कापूर जास्त, त्यामुळे त्याचा वास तरतरी आणणारा. झोपेसाठी घेताना नावातला हा फरक पाहावा. भारतात जम्मूच्या डोडा जिल्ह्यातील भदरवाह परिसरात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या योजनेतून लॅव्हेंडरची शेती रुजली असून अनेक शेतकरी मक्याकडून तिच्याकडे वळले आहेत.

गंधाने मन शांत का होते? डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले आधी मेंदूतील थॅलॅमस या ठाण्यावर थांबते. गंधाला हा थांबा नाही. नाकातील चेतापेशींकडून तो गंधकंदात, म्हणजे मेंदूच्या वास ओळखणाऱ्या भागात, जातो आणि तेथून भावना व स्मृती यांच्याशी निगडित भागांत थेट पोचतो. म्हणूनच वाळ्याच्या एका झुळकेने आजोळचा ओटा समोर उभा राहतो. जपानमधील कागोशिमा विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की लिनालूलच्या वासाने उंदरांची भीती कमी होते, पण गंधज्ञान नष्ट केलेल्या उंदरांवर त्याचा परिणाम होत नाही. म्हणजे परिणाम नाकातून झाला होता. माणसांवरील बरेच अभ्यास लहान आहेत आणि त्यांत एक मुळातलीच अडचण आहे: गोळी खरी की खोटी हे रुग्णापासून लपवता येते, वास लपवता येत नाही. जर्मनीत लॅव्हेंडर तेलाच्या ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल अस्वस्थतेवर दिल्या जातात व त्यांच्यावर अधिक काटेकोर चाचण्या झाल्या आहेत. पण ते प्रमाणित औषध आहे. त्यावरून घरातल्या बाटलीतले थेंब पाण्यातून पिणे कदापि योग्य ठरत नाही. चिंताविकार, नैराश्य किंवा दीर्घकाळची निद्रानाशाची तक्रार यांवर सुगंधी तेल हा उपचार नव्हे. दिवसभराच्या दगदगीनंतर शरीराला ‘आता थांबायचे’ ही खूण देणे, एवढे काम ते करू शकते. आणि ती खूण सवयीने पक्की होते: रोज त्याच वेळी, दिवा मंद करून, मोबाइल बाजूला ठेवून तोच एक गंध घेतला, तर काही आठवड्यांत वासच झोपेची चाहूल देऊ लागतो. रोज नवे मिश्रण करणाऱ्यांना हा लाभ मिळत नाही.

वापराची सर्वांत साधी रीत म्हणजे रुमालावर एक थेंब टाकून तो उशीपासून हातभर अंतरावर ठेवणे. विजेवरच्या डिफ्यूजरमध्ये (गंध हवेत पसरवणाऱ्या उपकरणात) १०० मिली पाण्याला तीन-चार थेंब आणि अर्धा तास पुरे. त्यानंतर नाक सरावते, वास येईनासा होतो आणि माणूस उगाच थेंब वाढवत जातो. खिडकी थोडी उघडी असावी. मालिशसाठी ३० मिली तिळाच्या तेलात सहा थेंब मिसळले की सुमारे एक टक्क्याचे मिश्रण होते, मोठ्या माणसासाठी ते बेताचे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. तळपाय, मान, खांदे इथे हलक्या हाताने चोळावे. नरकचतुर्दशीला ज्यांनी आईच्या हातचे अभ्यंग अनुभवले आहे त्यांना हात कसा फिरवायचा हे शिकवावे लागत नाही. आंघोळीच्या बादलीत थेंब थेट टाकू नयेत. ते पाण्यात विरघळत नाहीत, वर तरंगतात आणि पहिल्याच तांब्याबरोबर जसेच्या तसे अंगाला चिकटतात.

जपावे लागते ते मुख्यतः लहान मुलांना. कापूर पोटात गेल्यास मुलांना झटके येऊ शकतात, निलगिरीचे तेलही थोडेसे गिळले तरी घातक ठरते. बाळाच्या उशाशी ओवा-कापराची पुरचुंडी ठेवण्याची चाल आपल्याकडे मायेपोटी आली, पण तान्ह्या बाळाजवळ कापूर, निलगिरी किंवा पुदिन्याचा उग्र वास नसलेलाच बरा. सर्दीवर बालरोगतज्ज्ञ सांगतील ते करावे. दमा असलेल्यांना वासानेच धाप लागू शकते. गर्भवतींनी आणि अपस्मार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावे. साल दाबून काढलेल्या बर्गामॉट तेलात बर्गाप्टेन हे त्वचेला उन्हाबाबत हळवे करणारे द्रव्य असते. ते लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे डाग पडतात, म्हणून लावल्यानंतर किमान १२ तास ऊन टाळतात. घरात मांजर असेल तर टी ट्री तेल ठेवूच नये, मांजराच्या यकृताला त्याचे घटक पचवता येत नाहीत.

बाटली गडद काचेची, बूच घट्ट आणि जागा ओट्याच्या उष्णतेपासून दूर असावी. हवा लागली की लॅव्हेंडर व लिंबूवर्गीय तेलांतील घटकांचे ऑक्सिडीकरण होते आणि तीच जुनी तेले त्वचेवर पुरळ आणू लागतात. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवावी आणि लिंबूवर्गीय तेल वर्षभरात संपवावे. वाळ्याचे तेल मात्र लोणच्यासारखे मुरते. नव्या तेलातला कच्च्या मुळांचा तिखटपणा हळूहळू जातो आणि दोन-तीन वर्षांनी बूच काढले की खाली उरतो तो पावसाने भिजलेल्या बांधाचा वास.