अकरा महिन्यांचा भाडेकरार नोंदवावाच लागतो

‘अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला? नोटरी पुरे,’ असं पुण्या-मुंबईत एजंट आजही बिनधास्त सांगतात. महाराष्ट्रात हे चूक आहे. या समजुतीचं मूळ 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. त्यात वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेपट्टा न करता घर ठरावीक काळ वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची. टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय (हे मालकांना सहसा माहीत नसतं) नोंदणी नसेल तर डिपॉझिट, भाडं, दुरुस्ती यांबाबत भाडेकरू सांगेल त्याच अटी ग्राह्य धरतात. उलट सिद्ध करणं मालकाच्या माथी.